दहा दिवसांत उत्तर द्यावे

वच्छलाबाई बोचरे आणि मी बार्शीटाकळीच्या शाळेत सात वर्षं शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवलं. मधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे त्यांचं गणित माझ्या भूगोलात सांडायचं. प्रश्न विचारला की त्या थांबत. मूल उत्तर देईपर्यंत दुसरा शब्द नाही. "माहीत नाही हेही उत्तरच आहे," त्या म्हणत, "पण ते उभं राहून सांग." वह्या आज घेतल्या की उद्या तपासून परत. त्या निवृत्त होईपर्यंत या नियमात एका दिवसाचा फरक पडलेला मला आठवत नाही. अशा बाईवर शेजाऱ्याविरुद्ध दिवाणी दावा लावायची वेळ आली. त्यांची मुलगी दीपमाला पुण्याला असते आणि त्यांच्या यजमानांना, शालिग्रामसरांना, जाऊन तेव्हाच नऊ वर्षं झाली होती, म्हणून तारखेला सोबत जायचं काम माझ्याकडे आलं.

भांडण विहिरीचं होतं. अकोल्यात आमच्या बाजूला बोअर मारलं तर बहुतेक ठिकाणी खारं पाणी लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि घागरीला आतून पांढरा थर बसतो. 1994 च्या उन्हाळ्यात शालिग्रामसर आणि त्यांचे शेजारी जानराव पाचडे यांनी मिळून विहीर खोदली. पाणाड्याने दाखवलेली जागा जानरावांच्या प्लॉटमध्ये निघाली, मधल्या भिंतीपासून हातभर आत. पाणी गोड लागलं. जानराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांनी स्वतःच दोन पाइप बसवले, एक आपल्या घरात आणि एक भिंतीतून बोचऱ्यांच्या टाकीत. विहीर दोघांची, पाणी निम्मं निम्मं, असा लेख दोघांनी स्टँपपेपरवर करून सह्या केल्या. लेख एकच केला. जानराव वयाने मोठे, म्हणून तो त्यांच्या कपाटात राहिला. पुढे अठ्ठावीस वर्षं त्या कागदाची कोणाला आठवणही झाली नाही.

2022 च्या मार्चमध्ये जानरावांच्या मुलाने, कुलदीपने, विहिरीवर पत्र्याची शेड घातली आणि थंड पाण्याच्या जारचा धंदा काढला. सकाळी सहापासून छोटा हत्ती टेम्पो दारात उभा, निळे जार चढवले जाताहेत, फिल्टरची घरघर चालू. आठवडाभरात एक दिवस बोचऱ्यांच्या टाकीत पाणी आलं नाही. वच्छलाबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं, तर त्यांच्याकडे येणारा पाइप पलीकडून कापलेला आणि त्याला बूच मारलेलं.

त्या पाचडेंच्या फाटकाशी गेल्या.

"कुलदीप, पाइप कापला का रे?"

"काकू, मोटर माही, इहीर आमच्या प्लॉटात. तुमाले पानी लागते तर जार पाठवून देतो न."

"विहीर दोन्ही घरांची आहे. तसा लेख आहे."

"असंन तर दाखवा," कुलदीप म्हणाला.

जानराव मागे ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. वच्छलाबाई तिथून तशाच परत आल्या आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

वकील केली ती प्राजक्ता तायडे. तिशीतली, बोलायला स्पष्ट, आणि फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावणारी, म्हणून वच्छलाबाईंना पहिल्याच भेटीत पसंत पडली. जूनमध्ये दावा दाखल झाला. जानराव मालक म्हणून प्रतिवादी क्रमांक एक, कुलदीप क्रमांक दोन. मागण्या दोनच होत्या: विहिरीत आमचा निम्मा हक्क आहे असं जाहीर करा, आणि पाइप पुन्हा जोडून द्या.

"किती दिवस लागतील?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"समन्स लागलं की तीस दिवसांत त्यांनी लेखी जबाब द्यायचा. कारण असेल तर कोर्ट नव्वदपर्यंत वाढवतं," प्राजक्ता म्हणाली.

वच्छलाबाईंनी कॅलेंडरवर नव्वदाव्या दिवसाभोवती गोल केला. तेव्हा मला हसू आलं नाही, कारण मलाही तसंच वाटलं होतं.

पहिलं समन्स 'पत्त्यावर मिळून आले नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं. त्या आठवड्यात जानराव रोज सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी स्वतः पाहिलं होतं. दुसरं समन्स सप्टेंबरात लागलं. तीस दिवस झाले तेव्हा कुलदीपच्या वकिलाने मुदतीचा अर्ज दिला, कागदपत्रं जमवायची आहेत म्हणून. पुढच्या तारखेला पुन्हा अर्ज, वकीलसाहेब बाहेरगावी. नव्वद दिवस संपले, तेव्हा जबाबाशिवाय दावा पुढे चालवावा असा हुकूम झाला. वच्छलाबाईंनी त्या दिवशी घरी जाऊन शिरा केला.

जानेवारीत त्यांचा नवा अर्ज आला की तो हुकूम रद्द करावा. त्यावर आमचं म्हणणं द्यायला एक तारीख, ऐकायला एक तारीख, निकालाला एक तारीख. मार्चमध्ये अर्ज मंजूर झाला.

"मग नव्वद दिवस लिहिलेत कशाला?" वच्छलाबाईंनी कोर्टाच्या पायऱ्यांवर प्राजक्ताला विचारलं.

"कायद्यात आहेत, बाई. पण एका बाजूचं न ऐकता निकाल द्यायला कोर्टालाही बरं वाटत नाही."

"माझ्या वर्गात पेपर सुटल्यावर कोणी आलं, तर मी बसू देत नव्हते."

प्राजक्ता पुढच्या कोर्टाकडे वळली. तिच्या हातात अजून तीन फायली होत्या.

एप्रिलमध्ये जबाब आला. चार पानं, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली एकच वाक्य: हा मजकूर खोटा असल्याने नाकबूल. विहीर आमच्या एकट्याची. लेख कधी झाला नाही. शेवटच्या पानावर जानरावांची सही होती. वच्छलाबाई ती सही बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "या माणसाने सरांच्या तिरडीला खांदा दिला होता."

दावा चालेपर्यंत तरी पाणी सुरू करून द्या, असा आमचा अर्ज होता. तो जुलैत फेटाळला गेला. हक्क दाखवणारा एकही कागद समोर नाही, असं हुकुमात म्हटलं होतं. चूक तरी कशी म्हणायची? कागद होता तो पलीकडच्या कपाटात.

नळ रोज येत नाही. या सगळ्या काळात वच्छलाबाईंनी टँकर मागवून भागवलं, भांड्यांचं पाणी कुंड्यांना घातलं, आणि एकदाही पाचडेंचा जार घरात घेतला नाही. शेजारच्या गल्लीतल्या एकीने भिशीच्या दिवशी तोच जार आणून ठेवला, तर त्या पाणी न पिता उठून आल्या.

ऑगस्टमध्ये प्राजक्ताने नवा रस्ता सांगितला. "आपल्याला साक्षीपुराव्याच्या आधी समोरच्याला लेखी प्रश्न विचारता येतात. कोर्टाची परवानगी मिळाली की त्यांना शपथेवर उत्तर द्यावं लागतं. जबाबात वकील काहीही लिहितात. पण इथे प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर, आणि खाली शपथ. जानरावांना स्वतःच द्यावं लागेल. त्यांच्या वतीने मुलाला देता येणार नाही."

वच्छलाबाईंचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळला. प्रश्न काढणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी दोन दिवसांत एकतीस प्रश्न लिहून आणले, स्वच्छ अक्षरात, उपप्रश्नांसह. विहीर खोदताना पहिल्या दिवशी नारळ कोणी फोडला? गाळ काढायला दरवर्षी कोण कोण उतरत असे? लेख लिहिला त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी खाल्ली की नाही?

प्राजक्ताने त्यातले सहा ठेवले.

"पुरणपोळीचा का काढला? तो त्यांना नक्की आठवेल."

"कोर्टाला पुरणपोळीशी काही देणंघेणं नाही, बाई. पाण्याशी आहे."

त्या सहावर कुलदीपच्या वकिलाने हरकत घेतली. हरकतीवर आमचं म्हणणं झालं, आणि ऐकायची तारीख आली तेव्हा न्यायाधीशांची बदली झालेली. नव्या आलेल्या न्यायाधीश बाई होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी फाइल पहिल्यापासून वाचली आणि 2024 च्या जानेवारीत चार प्रश्न मंजूर केले. विहीर दोन्ही घरांनी मिळून खोदली का? तसा लेख झाला होता का? तो लेख कुठे आहे, नसेल तर त्याचं काय झालं? आणि 1994 ते 2022 या काळात त्या विहिरीचं पाणी वादीच्या घरात पाइपने जात होतं का? खाली लिहिलं होतं, प्रतिवादी क्रमांक एक यांनी दहा दिवसांत शपथपत्रावर उत्तर द्यावे.

त्या दहा दिवसांची गोष्ट चौदा महिने चालली.

पहिल्या तारखेला अर्ज आला, प्रतिवादीची प्रकृती ठीक नाही. दुसऱ्याला, प्रतिवादी मुलीकडे अमरावतीला गेले आहेत. तिसऱ्याला परत प्रकृती. मग उन्हाळ्याची सुट्टी. मग निवडणुकीच्या कामाला कर्मचारी गेलेले. मग त्यांच्या वकिलाच्या घरी दुःखद घटना, त्याला कोण काय म्हणणार. आम्ही सकाळी साडेदहाला जाऊन बसायचो. बाकाच्या त्या टोकाला ऊन येतं म्हणून या टोकाला बसायचो. शिपाई पुकारा करायचा, आम्ही आत जायचो, दोन मिनिटांत बाहेर. घरी पोचण्याआधी वच्छलाबाईंच्या मोबाइलवर पुढच्या तारखेचा मेसेज आलेला असायचा.

"हेच तेवढं वेळेवर येतं," त्या म्हणायच्या.

उत्तर देत नाहीत तर त्यांचा बचावच काढून टाका, असा अर्ज प्राजक्ताने दिला. कायद्यात तशी सोय आहे. कोर्टाने 'अखेरची संधी' लिहून पुढची तारीख दिली. त्या तारखेला पुन्हा अर्ज आला, वैद्यकीय दाखल्यासह. कोर्टाने पुन्हा अखेरची संधी दिली. एकदा तर वच्छलाबाईंनी हुकुमाची नक्कल माझ्यासमोर धरली आणि 'अखेरची' या शब्दाखाली बोट ठेवून विचारलं, "बाई, या शब्दाचा अर्थ तुम्ही पोरांना काय शिकवला होता?"

त्यांचा स्वभाव त्या वर्षात बदलला. दूधवाला दहा मिनिटं उशिरा आला तर त्याला झापत. दीपमाला फोनवर म्हणाली, "आई, घर विकून इकडे ये, कशाला त्या पाण्यामागे लागली?" तर तिच्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. जानरावांबद्दल मात्र त्या जे बोलत ते ऐकवत नव्हतं. कुलदीप धंदेवाला आहे, त्याचं कळतं, पण म्हातारा लबाड निघाला. आजारपणाची सोंगं करतो. चार प्रश्न आहेत, हो किंवा नाही. खोटं बोलायचं तर बोलून टाक की. मी ऐकून घ्यायचे. माझंही तेच मत झालं होतं. जानराव त्या सुमारास खरंच घरी नव्हते, त्यांची खुर्ची ओट्यावर उलटी करून ठेवलेली असायची. पण आम्ही म्हणायचो, तारीख चुकवायला मुलीकडे जाऊन बसला.

2025 च्या मार्चमधली ती तारीख. मी त्या दिवशी जाणार नव्हते, गुडघा दुखत होता. वच्छलाबाई म्हणाल्या, "या, नाहीतर मी तिथे कोणाला तरी काहीतरी बोलून बसेन." म्हणून गेले.

बाकावर आमच्या जागी जानराव बसले होते. शेजारी त्यांची मुलगी रागिणी, अमरावतीहून पहाटेच्या गाडीने घेऊन आलेली. म्हातारा वाळला होता, पण धोतर स्वच्छ, टोपी नीट. वच्छलाबाईंना पाहून त्यांनी हात जोडले. वच्छलाबाईंनी मान फिरवली आणि आम्ही ऊन येणाऱ्या टोकाला जाऊन बसलो.

थोड्या वेळाने कुलदीपचा वकील घाईने आला. त्याने जानरावांसमोर टाइप केलेला कागद धरला आणि पेन दिलं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, इथं सही करा."

"वाचून दाखवा."

"मागच्या वेळचंच आहे."

"मागच्या वेळी बी मी सही केली नाई. हे माहं उत्तर नाई."

वकिलाने इकडेतिकडे पाहिलं. रागिणी म्हणाली, "साहेब, बाबा एक वर्षापासून हेच सांगून राहिले. दादानं त्यायले माह्याकडे धाडलं, म्हने, सही करासाठी मन तयार झालं की आनजो."

वच्छलाबाईंनी माझा हात धरला.

पुकारा झाला. आम्ही सगळे आत गेलो. कुलदीप आलेलाच नव्हता, त्याची गाडी माल घेऊन कुठेतरी गेली होती म्हणे. वकील उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "प्रतिवादी क्रमांक एक यांची प्रकृती ठीक नाही. उत्तरासाठी मुदत मिळावी."

जानराव मागच्या रांगेत होते. ते काठी टेकत उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "माही प्रकृती ठीक आहे."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी जानराव पाचडे. मले चार प्रश्न इचारले हाये तुमी. मी उत्तर द्यासाठी आलो. पन हे लिहून आनतात थे मी बोललो नाई."

वकील काही बोलू लागला, तर न्यायाधीश बाईंनी हात वर केला. त्यांनी जानरावांना पुढे बोलावलं आणि विचारलं की जबाबावर सही तुमची आहे ना. जानराव म्हणाले, आहे, तवा पोरानं म्हटलं घरच्या कामाचा कागद आहे, मी वाचला नाही, चूक माही. पण हे दुसरं शपथेचं म्हणून सांगितलं, तर मी वाचून घेतलं.

न्यायाधीश बाईंनी वकिलाला सांगितलं की तुमच्या अशिलाचं उत्तर तो सांगेल त्याच शब्दांत आजच टाइप करून आणा, शपथ घेऊन चारच्या आत दाखल करा, आता पुढची तारीख मिळणार नाही.

बाहेर टायपिस्टच्या शेडखाली जानरावांनी स्टुलावर बसून उत्तरं सांगितली. वकील उभा राहून लिहून घेत होता. त्याचा चेहरा मला आठवतो, त्याच्यावरचं काहीतरी ओझं उतरल्यासारखा. विहीर दोघांनी खोदली, होय. लेख झाला, होय, शालिग्राम मास्तरांच्या हस्ताक्षरात. पाणी जात होतं, होय, पाइप मीच बसवला होता. तिसऱ्या प्रश्नाशी ते थांबले. तिथेच थांबले असणार वर्षभर, ते मला तेव्हा कळलं.

"लिहा," ते शेवटी म्हणाले. "लेख माह्या कपाटात होता. पाइप कापला त्याच्या आदल्या हप्त्यात माह्या पोरानं थो मागतला. मी देल्ला. मंग थो मले दिसला नाई. त्यानं काय केलं थे त्यालेच माईत."

रागिणी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी शपथपत्र दाखल झालं. वच्छलाबाईंनी त्याची प्रत हातात घेतली, चारही उत्तरं वाचली, आणि मी अपेक्षा केली होती तसं काही झालं नाही. त्या खूश झाल्या नाहीत. चिडलेल्याच होत्या, पण आता कोणावर चिडायचं ते त्यांना कळेना. तोवर रागिणी वडिलांना रिक्षात बसवून स्टेशनकडे घेऊन गेली होती.

इथे सगळं मिटलं असं वाटेल, पण नाही. कुलदीपने दुसरा वकील लावला आणि अर्ज दिला की वडिलांचं वय झालं आहे, त्यांना विसर पडतो, बहिणीने फूस लावून उत्तरं वदवून घेतली, ती रद्द करावीत. त्यावर म्हणणं, ऐकणं, डॉक्टरांचे कागद. तपासणाऱ्या डॉक्टरांनी जानरावांना शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर ते थेट दोनपर्यंत गेले आणि म्हणाले, आता याच्या खाली जाऊ का? कुलदीपचा अर्ज फेटाळला जायला ऑगस्ट उजाडला. प्रतिवादीने शपथेवर कबूल केलं आहे, तेव्हा वेगळा पुरावा लागत नाही, या मुद्द्यावर ऑक्टोबरात निकाल झाला. निम्मा हक्क आमचा. पंधरा दिवसांत पाइप जोडून द्यावा.

पंधरा दिवस, हे वाचून वच्छलाबाईंनी नुसता चष्मा काढून पुसला.

कुलदीपने अपील केलं. स्थगिती मात्र मिळाली नाही. दिवाळीनंतर कोर्टाचा माणूस प्लंबर घेऊन आला आणि बूच काढून पाइप जोडला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. वच्छलाबाईंनी वरणाचा कुकर त्या पाण्याने लावला, आणि तीन शिट्ट्यांत डाळ शिजली यावर आम्ही दोघींनी उगाचच बराच वेळ चर्चा केली.

आठवडाभराने त्या म्हणाल्या, "अमरावतीला जायचं का?"

रागिणीचं घर बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला आहे. जानराव पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते. रागिणीने चहा केला. वच्छलाबाईंनी पहिला घोट घेऊन कप खाली ठेवला आणि इतक्या वर्षांचं एका दमात विचारलं.

"भाऊ, तुम्हाला सही करायची नव्हती, तर मला निरोप का दिला नाही? चौदा महिने मी कोर्टात बसले. तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"पोराच्या इरोधात निरोप कसा देऊ, बाई? आन खोटं बी लिहून देता येत नोतं. मी म्हटलं, जितके दिवस पुढं जाते तितकं जाऊ द्या. त्याच्या मनात कदी तरी येईन."

"नाही आलं ना?"

"नाई आलं."

जानरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एक सांगू, बाई? राग नका येऊ देऊ. तुमी मले इचारलंच नाई. त्या दिवशी फाटकाशी आल्या, कुलदीपशी बोलल्या, निंघून गेल्या. मी मांगंच बसलो होतो. मले वाटलं, आता ह्या मले इचारतीन. मंग तुमची नोटीस आली."

वच्छलाबाईंनी गार झालेला कप बाजूला सरकवला. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही मान वर केली नाही, भाऊ."

"नाई केली," जानराव म्हणाले. "थे बी खरं आहे."

निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. कुलदीप मार्चपासून भेटायला आला नव्हता, फोनही उचलत नव्हता. "तुमच्या भिंतीले भिंत आहे. त्याले सांगजा, माहं काही म्हननं नाई. एकदा येऊन जाय म्हना."

परतीच्या बसमध्ये वच्छलाबाई मूर्तिजापूरपर्यंत कुरकुरत होत्या. हे काय काम आहे. ज्याने माझं पाणी तोडलं त्याच्या दारात मी जाऊन त्याला वडिलांचा निरोप सांगायचा. अपील चालू आहे, त्याचा वकील म्हणेल दबाव आणला. प्राजक्ताला विचारलं पाहिजे. मी म्हटलं, विचारा. त्या म्हणाल्या, ती नाहीच म्हणेल, वकीलच आहे ती.

त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, जारची गाडी भरत असताना, त्या पाचडेंच्या फाटकाशी गेल्या. मी भिंतीच्या अलीकडे वच्छलाबाईंच्या ओट्यावरून पाहत होते. कुलदीप हातातला जार घेऊन तसाच थांबला.

"कुलदीप, तुझ्या बापाने बोलावलं आहे. काही म्हणायचं नाही म्हणतात. जाणार आहेस का?"

तो काही बोलला नाही. वच्छलाबाई उभ्या राहिल्या. गाडीचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. त्या हलल्या नाहीत.

"पाहू," कुलदीप अखेर म्हणाला.

"पाहू हे उत्तर नाही."

"जातो, काकू," तो म्हणाला, आणि जार गाडीत ठेवायला वळला.

तो गेला, पण लगेच नाही. मध्ये तीन रविवार गेले आणि वच्छलाबाईंनी त्याला आणखी दोनदा फाटकाशी गाठलं. चौथ्या रविवारी रागिणीचा फोन आला. दादा येऊन गेला, दोन तास बसला. काय बोलले, असं वच्छलाबाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, काही नाही, टीव्हीवर मॅच होती, दोघं ती पाहत बसले. जाताना बाबांनी त्याला घरच्या मोटरचं बेअरिंग बदलायला सांगितलं, आवाज करते म्हणे, त्यांना अमरावतीत बसून कसं कळलं कोण जाणे.

अपील त्याने मागे घेतलेलं नाही.